परिक्रमेचं सामान

हरिभाऊंना चालायची सवय कधीच नव्हती. नोकरी मोखाड्याच्या पंचायत समितीत आणि घर जव्हारला. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी एसटीनं यायचं आणि स्टँडपासून घरापर्यंतच्या चढावर दम खायला थांबायचं, यात त्यांची सगळी नोकरी सरली. घरात चालण्याचं खातं अनसूयाबाईंकडे होतं. त्या नर्स. मोखाडा तालुक्यातल्या उपकेंद्रांमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काढली. खांद्याला लसींचा गार डबा, पायात रबरी चपला, एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर. ओहोळ भरून वाहत असला की चपला हातात घ्यायच्या आणि कोणी पलीकडे नेणारं भेटेपर्यंत काठावर उभं राहायचं.

म्हणून दोघंही निवृत्त झाल्यावर "आपण नर्मदा परिक्रमा करू या, पायी" असं हरिभाऊ म्हणाले, तेव्हा अनसूयाबाईंना हसूच आलं.

"तुम्ही? पायी?"

"का? लोक करतात."

"करतात ना. पण ते लोक दुधाची पिशवी आणायला स्कूटर काढत नाहीत."

हरिभाऊंनी विषय सोडला नाही. ओंकारेश्वरहून निघायचं, नदी एका हाताला ठेवून समुद्रापर्यंत जायचं, तिथे नावेनं पलीकडे उतरायचं आणि दुसऱ्या काठानं सगळं परत चालायचं. चार-पाच महिने. मुक्काम आश्रमात, देवळात, कोणाच्या ओसरीवर. जेवण जे मिळेल ते. बरोबर काय घ्यायचं? तर स्वतःच्या पाठीवर मावेल आणि पेलवेल तेवढंच. या शेवटच्या गोष्टीनं हरिभाऊंना खरं धरून ठेवलं. ऑफिसात त्यांच्याकडे भांडार होतं. कपाटं, रजिस्टरं, सतरंज्या, खुर्च्या, कोणती वस्तू कुठे लागेल आणि कुठे उगाच पडून राहील, हे ठरवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. आता तेच काम त्यांनी घरी काढलं.

परिक्रमा करून आलेल्यांचे व्हिडिओ ते दुपारभर बघत. एक म्हणायचा, स्लीपिंग बॅग हवीच, काठावरची थंडी हाडात शिरते. दुसरा म्हणायचा, घोंगडी पुरते, स्लीपिंग बॅग म्हणजे ओझं. हरिभाऊ दोघांचंही ऐकत आणि जास्तच गोंधळात पडत. शेवटी ते अनसूयाबाईंना घेऊन नाशिकला गेले. तिथल्या दुकानात त्यांनी सॅक पाठीवर चढवली, दुकानदाराला तिच्यात बुटांची खोकी भरायला लावली आणि जिना चढून-उतरून पाहिला. मग दुसरी सॅक. मग पहिली पुन्हा. अनसूयाबाई स्टुलावर पदर सावरून बसल्या होत्या. बाकीची गिऱ्हाइकं त्यांच्या नवऱ्याकडे बघत होती आणि त्या छताच्या पंख्याकडे.

"बाईंना वेगळी लागेल," हरिभाऊ दुकानदाराला म्हणाले. "त्यांचे खांदे अरुंद आहेत. पट्टा मानेला घासेल."

अनसूयाबाईंनी चमकून पाहिलं. त्यांचे खांदे अरुंद आहेत हे या माणसानं कधी पाहिलं होतं, कोण जाणे.

बुटांवरून मात्र भांडण झालं. हरिभाऊंनी स्वतःला घोट्यापर्यंतचे बूट घेतले, एक नंबर मोठे, कारण चालून पाय सुजतात म्हणे. अनसूयाबाई बूट घालायला तयार नव्हत्या. "मी जन्म काढला चपलेवर." शेवटी मागे पट्टा असलेल्या सँडलवर तडजोड झाली.

पुढे काही महिने जव्हारच्या लोकांनी रोज एक करमणूक पाहिली. सकाळी सकाळी हे दोघं पाठीवर सॅक चढवून शिरपामाळाकडे निघत. सॅकमध्ये वजनासाठी तांदूळ भरलेला असे.

"हरिभाऊ, गिरणी या बाजूला आहे!" चहाच्या टपरीवरून कोणीतरी हमखास ओरडे.

माळावर पोचलं की हरिभाऊ धापा टाकत बसत आणि सॅक रिकामी करत. महाराजांचा मुक्काम झालेली जागा म्हणून तिथे बाहेरगावचे लोक येत, फोटो काढत आणि या काकांनी दगडावर मांडलेलं दुकान बघत. बारीक दोरी, चिमटे, टॉर्च, पंचा, ताटली, सुईदोरा. दर फेरीला एखादी वस्तू नापास होई. स्टीलचा डबा गेला. दुसरा टॉवेल गेला. स्लीपिंग बॅगेचा निकाल तीनदा फिरला आणि शेवटी एक पातळ रजई ठरली. सामान दोघांत वाटून घ्यायचं हेही ठरलं. टॉर्च, दोरी आणि छोटं पातेलं हरिभाऊंच्या सॅकमध्ये. औषधं, सुईदोरा आणि पावसाचं कापड अनसूयाबाईंच्या. एकाकडे असलेली वस्तू दुसऱ्याकडे नाही.

"म्हणजे आपण चुकामूक करायची नाही," अनसूयाबाई म्हणाल्या.

"चुकामूक होणार कशी? मी तुझ्या मागेच असणार. धापा ऐकू येतील तुला."

ऐकू येतच होत्या. चढावर पुढे त्या आणि मागे त्यांचा श्वास, बुटांचा आवाज, मधूनच "अगं, जरा हळू." अनसूयाबाईंनी मुलीला, शलाकाला, फोनवर एकदा सांगितलं होतं, "बरं वाटतं गं. मागे कोणीतरी येतंय, हे बरं वाटतं." शलाका ठाण्याला बँकेत होती. ती हसून म्हणाली, "बाबांचा पहिला आठवडा तरी पार पडू दे."

निघायचं कार्तिकी एकादशीनंतर ठरलं होतं. नाशिकरोडहून खांडव्याची तिकिटं हातात आली.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी हरिभाऊ ओट्यावर बसून बूट घालत होते. अनसूयाबाई आतून पाण्याची बाटली भरून आणत होत्या.

"या बुटाची लेस आखूड आहे," ते म्हणाले. "बांधलीच जात नाही."

त्यांच्या बोलण्यात काहीतरी अडखळलं. अनसूयाबाई पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. उजवा हात मांडीवर कोणीतरी विसरून गेल्यासारखा पडला होता आणि डाव्या हातानं ते लेसशी झटत होते.

"अहो, दोन्ही हात वर करा."

एकच वर गेला.

काय झालंय ते अनसूयाबाईंना लगेच कळलं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल तर पहिल्या काही तासांत इंजेक्शन मिळायला हवं, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी वेळ घालवला नाही. शेजाऱ्यांना हाक मारली, सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासून नाशिकला हलवायला सांगितलं, गाडीही चटकन मिळाली. जे करायचं ते सगळं त्यांनी केलं, अचूक केलं.

मोखाडा मागे पडलं आणि पुढे घाटात ट्रक आडवा झाला होता. दोन्ही बाजूंनी रांग. ड्रायव्हरनं सायरन वाजवला, खाली उतरून ओरडून पाहिलं. पण ट्रक रस्त्यावरच कलंडलेला, तो कोणाच्या ओरडण्यानं हलणार होता! क्रेन येत होती म्हणे. कुठून येत होती ते कोणाला ठाऊक नव्हतं. अनसूयाबाई आत नवऱ्याचा हात धरून बसल्या. त्यांनी नाडी पाहिली. पुन्हा पाहिली. त्यापुढे करण्यासारखं काही नव्हतं. हरिभाऊ टक्क डोळ्यांनी गाडीच्या छताकडे बघत होते. एका पायात बूट होता, लेस सुटलेली.

"थोडं आधी आणता आलं असतं तर..." नाशिकचे डॉक्टर म्हणाले. हे वाक्य अनसूयाबाईंनी नोकरीत कितीदा तरी ऐकलं होतं, शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगितलं जाताना. त्यांनी मान हलवली.

हरिभाऊ घरी आले तेव्हा उजवा हात निकामी होता, पाय फरपटत होता आणि भाषा गेली होती. सगळी नाही. एक शब्द शिल्लक राहिला होता. "ठेव." पाणी हवं असलं तरी ठेव, नको असलं तरी ठेव. दुखलं की ठेव, शलाका दिसली की ठेव. ऐकलेलं त्यांना बरंचसं कळत असावं, पण किती, ते सांगता येत नव्हतं. स्वतःच्या तोंडून चुकीचा शब्द बाहेर पडतोय हेही त्यांना कळत होतं, आणि ते फार वाईट होतं. ते थांबत, डोळे मिटत, सगळी ताकद एकवटून तोंड उघडत आणि पुन्हा तेच.

मदतीला सुकरी आली. ती साखरशेतला दिलेली, पण माहेर मोखाड्याकडचं, म्हणून तिला अनसूयाबाई लहानपणापासून 'नर्सबाई' म्हणूनच माहीत. ती अंगानं दणकट होती. हरिभाऊंना एकटीनं उचलून बसवायची.

दोन्ही सॅक कोपऱ्यात उभ्या होत्या. शलाकाला त्या बघवेनात. एके दिवशी तिनं त्या उचलल्या.

"आई, मी या ठाण्याला नेते. कोणी घेतलं तर देऊन टाकते. रोज डोळ्यासमोर नकोत."

पलंगावरून मोठा आवाज झाला. हरिभाऊंनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उडवला होता. "ठेव! ठेव!"

शलाकानं सॅक खाली ठेवल्या. तेवढ्यानं ते थांबले नाहीत. हातानं जवळ बोलवत राहिले. शेवटी दोघींनी सॅक पलंगावर आणल्या, तेव्हा त्यांनी चेन ओढायचा प्रयत्न केला. ती उघडून दिल्यावर ते एकेक वस्तू बाहेर काढू लागले. काही उशाशी, काही पायथ्याशी. कपाळाला घाम आला तरी थांबेनात.

"बाबांना वाटतंय की ते अजून जाणार आहेत," शलाका दबक्या आवाजात म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

अनसूयाबाई बघत राहिल्या. पायथ्याशी त्यांचा दाढीचा डबा, त्यांचे मोजे, त्यांचे सदरे, त्यांची ताटली. उशाशी अनसूयाबाईंची साडी, स्वेटर, औषधं. आणि मग टॉर्च. दोरी. पातेलं. या तिन्ही वस्तू त्यांनी स्वतःच्या सॅकमधून काढल्या आणि बायकोच्या ढिगात टाकल्या.

ते स्वतःसाठी भरत नव्हते. दोन सॅकची एक करत होते.

"मी नाही जाणार हं," अनसूयाबाई म्हणाल्या. "तुम्हाला असं टाकून? डोकं फिरलंय का माझं?"

हरिभाऊंनी टॉर्च उचलून त्यांच्या हातात कोंबला. "ठेव."

"नाही जाणार म्हटलं ना."

"ठेव, ठेव, ठेव..." आणि ते रडायला लागले. तोंडाच्या एकाच बाजूनं रडणारा माणूस अनसूयाबाईंनी दवाखान्यात पाहिला होता. घरात पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून ते रोजचंच झालं. सकाळचा चहा झाला की सॅक पलंगावर यायला हवी. हरिभाऊ तिच्यातलं सगळं काढत आणि नव्यानं निवडत. दोघांचं सामाईक सामान एका सॅकमध्ये भरलं की ती जड होई. अनसूयाबाईंनी उचलून दाखवलं की ते चेहरा पाडत आणि परत काहीतरी कमी करत. एकदा रजई काढली, तिच्या जागी शाल आली. दुसऱ्या दिवशी शाल गेली, रजई परत आली. आणि काहीतरी एक त्यांना सापडतच नव्हतं. सगळं मांडून झालं की ते ढीग चाचपत, बायकोकडे बघत, बोटं जुळवून हवेत काहीतरी धरल्यासारखं करत. अनसूयाबाई एकेक वस्तू पुढे करत. सुई? चिमटा? चष्मा? देवाचा फोटो? कंगवा? मेणबत्ती? प्रत्येक वस्तूला ते मान हलवत, नाही. सुकरीनं स्वयंपाकघरातलं झारा-सांडशीपर्यंत सगळं आणून दाखवलं. नाही. शलाकानं फोनवर त्यांनी पाहिलेले जुने व्हिडिओ लावले, त्यात कुठे दिसतंय का बघायला. ते थोडा वेळ बघत आणि मग फोन दूर ढकलत. ती वस्तू कोणती होती ते कधीच कळलं नाही.

निघण्याचा दिवस जवळ आला तेव्हा त्यांनी जेवण सोडलं. घास पुढे केला की तोंड घट्ट मिटत आणि दाराकडे बोट करत.

"नर्सबाई, तुमी जाना," सुकरी म्हणाली. "मी हाय ना. माझा सासरा तीन पावसाळं खाटंवर व्हता, समदा मीच केला. बाबांना नाय पडू देणार."

"तू करशील गं. तुझ्यावर माझा भरवसा आहे."

"मंग?"

अनसूयाबाई उठून ताट झाकायला गेल्या. शलाका म्हणाली, "आई, नुसतं दाखवायला तरी सॅक घेऊन बाहेर पड. एक चक्कर मारून ये. तेवढ्यात मी त्यांना भरवते."

फसवायचं त्यांच्या जिवावर आलं. पण पोटात अन्न जात नव्हतं. त्यांनी सँडल घातल्या, सॅक चढवली, नवऱ्याला वाकून नमस्कार केला. हरिभाऊंनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि किती दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

त्या शिरपामाळाच्या रस्त्याला लागल्या. टपरीवरून त्या दिवशी कोणी काही ओरडलं नाही. चढावर मागे आवाज नव्हता. सबंध नोकरीभर त्या अशाच चालल्या होत्या, मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आता पाय उचलेना. माळावर जाऊन त्या बसल्या. सहलीला आलेल्या एका बाईनं विचारलं, "काकू, ट्रेकला आलात? एकट्याच?" त्या हो म्हणाल्या. दुसरं काय सांगणार?

घरी परतल्या तेव्हा हरिभाऊंनी थोडा भात खाल्ला होता. दारात त्यांना बघून ते आधी नुसतेच बघत राहिले. मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

गाडीच्या दिवशीही तसंच झालं. त्या बाहेर पडल्या, स्टँडवर जाऊन बसल्या, नाशिकची एसटी लागली, भरली, गेली. त्या परत आल्या. शलाका त्यांच्यावर चिडली, मग स्वतःवरच चिडून रडली आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेली. तिची रजा संपली होती.

त्या संध्याकाळी अनसूयाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी सॅक पायानं बाजूला सरकवली.

"ऐका. मी एकदाच सांगते. तुम्हाला कळो न कळो. एकटीनं चालणं मला येतं हो. जन्मभर तेच केलं. त्याची हौस राहिलेली नाही. मला तुम्ही बरोबर हवे होतात. धापा टाकत, कुरकुर करत. नर्मदेचं काय, तुम्ही दाभोशाच्या धबधब्यापर्यंत चला म्हणाला असता तरी मी आले असते. आता तुम्ही मला पाठवताय, आणि मी कुठे जाऊ?"

हरिभाऊ ऐकत होते. त्यांना कळलं की नाही, हे अनसूयाबाईंना त्यांच्या डोळ्यांवरून शोधता येईना. माणसाच्या डोळ्यांतली पिवळट झाक, सूज, ताप त्या बघताक्षणी ओळखत. हे ओळखता येत नव्हतं. त्या उठल्या आणि कुकर लावला.

सकाळी चहा झाल्यावर हरिभाऊंनी पुन्हा सॅककडे बोट केलं.

पौष गेला. थंडीत त्यांना एकदा न्यूमोनिया झाला, त्यातून उठल्यावर सॅकची आठवण हळूहळू कमी झाली. कधी दोन-तीन दिवस ते मागत नसत. अनसूयाबाईंना वाटलं होतं की हे थांबलं की सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. ज्या दिवशी ते मागत नसत त्या दिवशी त्याच अस्वस्थ होत, सॅक उगाच त्यांच्या नजरेसमोर आणून ठेवत. ते तिच्याकडे बघत आणि दुसरीकडे बघत.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं, रोज थोडं चालवा. म्हणून आता ऊन कललं की दोघं बाहेर पडतात. अनसूयाबाईंनी त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधलाय, तो त्या मागून धरतात. डाव्या हातात काठी. उजवा पाय जमिनीवर रेघ ओढत येतो. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या नळापर्यंत जायचं, एवढंच. सुकरी मागून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन येते.

परवा सुकरी आली नव्हती. नळाच्या अलीकडेच हरिभाऊ थांबले. काय झालं कळायच्या आत त्यांचे गुडघे वाकले आणि ते रस्त्याच्या मधोमध खाली बसले. अनसूयाबाईंनी पट्टा सोडला नाही, त्याही बरोबर ओढल्या गेल्या आणि शेजारी टेकल्या. लागलं नव्हतं. पण उठवणं त्यांच्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यांनी काखेत हात घालून पाहिला, दोनदा. मग सोडून दिलं.

दाभोशाकडे जाणारी जीप येऊन थांबली. आत माणसं खचाखच, मागे लटकलेली. ड्रायव्हर उतरून आला.

"आजी, उचलू का बाबांना?"

हरिभाऊ डाव्या हातानं रस्त्यावरची खडी चाचपत होते, एकेक खडा उचलून बाजूला ठेवत होते. अनसूयाबाईंचा हात अजून त्यांच्या पट्ट्यातच होता.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "मला दम खाऊ दे."

जीप बंद करून तो तिथेच उभा राहिला.